तुळईला टांगलेली ज्वारी

दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले, की आमच्या शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पाट्या दिसायला लागतात. ‘या, हुरडा खायला’, ‘हुरडा पार्टी, बैलगाडीसह’, एका पाटीवर तर ‘हुरडा, झोपाळे आणि लहान मुलांसाठी नूडल्स’. शेताच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, जमिनीत खणलेली आगटी, तिच्यात धुमसणाऱ्या गोवऱ्या, आणि भोवती मोबाइल धरून बसलेली माणसं. मला हे सगळं आवडतं, आधीच सांगून टाकतो. माझ्या वयाचे लोक अशा ठिकाणी जाऊन नाकं मुरडतात आणि मग दोन माणसांचा हुरडा एकटे खातात. मी नाक न मुरडता खातो.

फक्त एक खोड आहे. भाजलेलं कणीस हातावर चोळून हिरवे दाणे पुढ्यात आले, की पहिली चिमूट मी चटणी, गूळ, शेव काही न लावता डोळे मिटून चावतो. थोडा वेळ तसाच बसतो. हा म्हातारा आता वाहवा म्हणेल म्हणून शेताचा मालक बिचारा वाट बघत उभा असतो. मी डोळे उघडतो आणि म्हणतो, “छान आहे.” याचा अर्थ घरच्यांना बरोबर कळतो. ही ती नाही, असा तो अर्थ असतो.

‘ती’ म्हणजे कडूबाईची ज्वारी. साठ वर्षांपूर्वी मी ती खाल्ली, पोटभर खाल्ली आणि संपवली. संपवली म्हणजे ताटातली संपवली असं नाही. एका अख्ख्या गावाची ज्वारी माझ्या पोटात गेली आणि मी वर अर्धी भाकरी मागून घेतली.

यंदा हे सगळं वर आलं ते नातीमुळे. मुक्ता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्या शहरात हल्ली दर तिसऱ्या घरात कुणीतरी हा अभ्यास करतंच. परवा ती रंगीत पेनं पसरून निबंध लिहीत होती. विषय होता जगाची वाढती लोकसंख्या आणि शाश्वत अन्नपुरवठा. हिरव्या पेनानं मुद्दे, लाल पेनानं उपमुद्दे. मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही गावोगाव बियाणं वाटत होतात ना? एखादा मुद्दा द्या. सगळ्यांच्या निबंधात तेच तेच असतं.”

मी म्हटलं, “मुद्दा नाही माझ्याकडे. एक गोष्ट आहे, आणि तिच्यात मी काही फार चांगला दिसत नाही.”

तिनं पेनांना टोपणं लावली. आजोबा चांगले दिसत नाहीत अशी गोष्ट ऐकायला नातवंडांना नेहमीच वेळ असतो.

आमचं घर भर शहरात, गुलमंडीत, वडिलांचं कापडाचं दुकान. पोलीस ॲक्शन होऊन आमच्याकडचा उर्दू कारभार गेला तेव्हा मी पाचेक वर्षांचा होतो. माझी अक्षरं मराठीत सुरू झाली, वडिलांची सगळी उमर उर्दूत गेलेली, त्यामुळे ते रागावले की मला ‘बर्खुरदार’, म्हणजे चिरंजीव, म्हणत. पॉपलीन आणि लाँगक्लॉथ यांतला फरक मला डोळे बांधूनही हातानं कळायचा. ज्वारी आणि बाजरी यांतला फरक पीठ झाल्यावर रंगावरून कळायचा, एवढीच माझी शेतीची समज. तरी बाविसाव्या वर्षी मी ग्रामसेवक झालो. खुर्चीतली नोकरी मिळत नाही म्हणून सायकलवरची घेतली, असं वडील येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत.

नोकरीआधी आम्हाला काही आठवडे शिकवायला नेलं होतं. तिथं वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. पृथ्वीचा गोल, आणि त्याच्याभोवती रिकामी ताटं हातात घेतलेली माणसं. शिकवणारे गृहस्थ त्या ताटांवरून छडी फिरवत आणि विचारत, “ही ताटं दर वर्षी वाढणार. जमीन वाढेल का? नाही. मग काय वाढवायचं?” आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो, “उत्पन्न!” आज हसू येतं, पण तेव्हा अंगावर काटा यायचा. जगातली ती सगळी ताटं माझ्याच सायकलची वाट बघत उभी आहेत असं मला खरोखर वाटायचं.

सायकल पैठण रस्त्यानं जायची. चितेगावच्या अलीकडे डाव्या हाताला गाडीवाट लागायची, तिच्यानं आत गेलं की माझ्या नेमणुकीचं गाव. आता त्या भागात कारखान्यांची पत्र्याची छपरं आहेत आणि पाळी सुटली की मोटारसायकलींची रीघ लागते. तेव्हा रीघ असायची ती ज्वारीची. दसऱ्यापासून पुढं ती जुनी ज्वारी बैलगाडीवर उभ्या माणसाच्या डोक्यावरून जायची. सायकलवरून जाताना दोन्ही बाजूंनी पानं सळसळायची आणि आपण नक्की कुठं आहोत हे कळायचं नाही. मी दोनदा चुकून दुसऱ्याच गावात जाऊन हायब्रीडचं भाषण देऊन आलोय.

कडूबाई चाळिशीची असेल. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची. तिचा नवरा रामभाऊ मुलखाचा अबोल. त्याच्याकडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे, “पेरणं माझं, निवडणं तिचं.” या निवडण्याची मला आधी गंमत वाटली आणि मग इतकी उत्सुकता वाटायला लागली, की एकदा परवानगी काढून मी तिच्या मागोमाग शेतात गेलो.

कापणीच्या आधी एका सकाळी काही न खाता ती एकटी उभ्या पिकात शिरायची. त्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तीही बोलायची नाही. बांधाकडची ताटं, म्हणजे ज्वारीचे उभे धांडे, ती बघायचीही नाही. शेजारच्या शेताचा वारा लागलेला असतो, असं नंतर तिनं सांगितलं. मला वाटलं होतं, सगळ्यात मोठं कणीस तोडेल. तिनं तसली कणसं सोडून दिली. मधल्या उंचीचं, न वाकलेलं, खालची पानं अजून हिरवी असलेलं ताट बघायची. धांडा थोडा सोलून चावायची. मग कणसातला एक दाणा काढून पुढच्या दातांत धरायची आणि कट्ट असा आवाज झाला की मान हलवून ते कणीस ओच्यात टाकायची. दुपारपर्यंत एवढ्या मोठ्या रानातून जेमतेम एक ओझं. त्याच्या जुड्या बांधून त्या चुलीवरच्या तुळईला टांगायच्या. वर्षभर धूर लागायचा, किडा फिरकायचा नाही. त्या जुड्यांना घरातलं कुणीच हात लावायचं नाही. टोपल्यात पीठ नसलं तरी नाही.

गावातले बरेच जण घरी बियाणं ठेवतच नसत. कडूबाईची तुळई आहे, मग आपल्या घरी कशाला, असा हिशेब. मृगाच्या तोंडावर बायका येऊन जुडी मागायच्या आणि ती द्यायची. तिच्या बांधाला बांध असलेले उस्मानभाईही तिच्याकडूनच न्यायचे. मला म्हणाले होते, “साब, हमारे वालिद बी इसके सास के पास सेच लेके जाते थे.” तिच्या सासूनं तिला हात धरून शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. त्या ज्वारीला नाव नव्हतं. गावात सगळे तिला ‘आपली ज्वारी’ म्हणत.

आणि मी त्या गावात हायब्रीड घेऊन गेलो.

हायब्रीडबद्दल मी वाईट बोलणार नाही. मुक्तालाही मी तेच सांगितलं, कारण ती लगेच लाल पेन उचलायला लागली होती. ती ज्वारी ठेंगणी, भराभर वाढणारी, आणि कणीस असं भरलेलं, की पहिल्या वर्षी लोक नुसतं बघायला दुसऱ्या गावाहून यायचे. पुढं बहात्तरच्या दुष्काळात मी रोजगाराच्या कामांवर हजेरी घेत होतो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी दळून लोक खात होते, मीही खाल्ली. ती घशाखाली उतरवताना कळतं, की भूक असली की चवीचा विचार फार मागं राहतो. ताटं भरायलाच हवी होती. तक्त्यावरचे गुरुजी खोटं सांगत नव्हते.

मी चावडीसमोर सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की हे बी दर वर्षी नवं घ्यायचं, घरचं ठेवायचं नाही.

कडूबाईनं विचारलं, “का बरं? ही ज्वारी पोरं काढत नाय का?”

“काढते. पण पोरं आईबापासारखी निघत नाहीत.”

मागून कुणीतरी म्हणालं, “त्यात काय नवं सांगितलं भाऊसाहेब? कोणाची निघत्यात?” सगळी चावडी हसली. मीही हसलो. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, आणि त्या हसण्यानंतर मी खऱ्या अर्थानं त्यांचा भाऊसाहेब झालो असं मला वाटलं. पण जे समजावून सांगायचं होतं ते त्या हशात वाहून गेलं, आणि मी ते पुन्हा सांगितलं नाही.

कडूबाईला मात्र पटलं नव्हतं. घरचं ठेवू नका म्हणतो तो विकणारा, हे तिला ठाऊक होतं. आणि पोरं कशी निघतात ते निवडणाऱ्याच्या हातावर असतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिच्या जागी मी असतो तर मलाही नसती. तिच्या हाताला आजवर कोणत्या ज्वारीनं दगा दिला होता?

माझी सायकल तिच्या दारात इतक्या वेळा उभी राहिली, की शेवटी रामभाऊ म्हणाला, “पेरू एक साल.” सगळ्या रानात हायब्रीड पेरलं. तिचं बघून उस्मानभाईंनी पेरलं, त्यांचं बघून अर्ध्या गावानं. राहिलेल्यांनी कुठं बाजरी, कुठं कापूस घेतला. आपली ज्वारी त्या साली गावात कुणीच पेरली नाही. ती तुळईला होती. तिथं ती सुखरूपच असते, सगळ्यांना माहीत होतं.

पीक असं आलं, की खळ्यावर रास बघून रामभाऊनं डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. फक्त कडबा बघून एवढंच म्हणाला, “माणसांचं झालं. बैलांचं काय?” धांडे कमरेच्या थोडे वर. बैल ते हुंगून तोंड फिरवत. मी म्हटलं, बघू, त्यावरही काहीतरी निघेल.

थंडी पडायला लागली तशी कडूबाईनं मला जेवायला बोलावलं. चूल पेटलेली, समोर पाट, वांग्याची भाजी, ठेचा, आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. मी गुलमंडीचा पोरगा, गव्हाच्या पोळीवर वाढलेला. पण त्या भाकरीचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि मी भाजीला हात लावायचा विसरलो. कशी होती, हे मला आजही सांगता येत नाही. गोड म्हणावं तर तसं नाही. खरपूस पापुद्र्याखाली दुधासारखं काहीतरी होतं, आणि घास गिळल्यावरही ते बराच वेळ तोंडात राहायचं. चौथी भाकरी पानात पडली तेव्हा मी विचारलं, “ही कोणती ज्वारी?”

ती भाकरी थापता थापता म्हणाली, “वरची.” आणि पिठाच्या हातानं वर दाखवलं.

तुळईला नव्या जुड्या होत्या. हायब्रीडच्या. तिनं शेतात जाऊन, उपाशीपोटी, न बोलता, दाणा चावून निवडलेल्या.

“जागा येकच हाय भाऊसाहेब,” ती म्हणाली. “नवी टांगली, जुनी उतरवली. फेकायची कशी? म्हनलं, ज्यानं नवी आनली त्यालाच जेवू घालावं.”

इथं मी गोष्ट थांबवली होती, कारण मुक्ता माझ्याकडे बघत होती. “तुम्हाला माहीत होतं ना, की वरच्या जुड्या चालणार नाहीत?” तिनं विचारलं.

माहीत होतं. तोंड उघडून सांगायला एक क्षण लागला असता. टोपल्यात अजून पीठ शिल्लक होतं, कोपऱ्यात न मळलेली कणसं असतीलही. पण कडूबाईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी असा आनंद होता, आणि माझ्या पोटात अशी भूक, की मी म्हटलं, नंतर सांगू. आणि म्हटलं, “अजून अर्धी वाढा.” शरम वाटते सांगायला, पण हेच म्हटलं.

नंतर म्हणजे कधी, ते राहूनच गेलं. मला वरून दुसऱ्या गावांचा भार मिळाला. मृगात कडूबाईनं नेहमीसारख्या जुड्या वाटल्या, आणि भादव्यात मी त्या गावात गेलो तेव्हा उस्मानभाई बांधावर माझी वाटच बघत होते. त्यांनी शेताकडे हात केला. “देखो साब. ये खेत हय के बरात हय? कोई लंबा, कोई ठिंगना, और दूल्हा किधर हयच नही.” काही ताटं छातीला, काही डोक्यावर, काहींना कणीस, काहींना नुसता तुरा. शेताशेतातून तीच तऱ्हा. लोक कडूबाईला फार काही बोलले नाहीत. एक-दोघी म्हणाल्या, “हात गेला गं तुझा.” तिच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती दारात बसली होती. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “तुमी म्हनला व्हता, पोरं तशी निघत नाय. मला वाटलं, मी काढीन.” मग विचारलं, “आपली ज्वारी कुठं भेटल आता?”

तो हिवाळा मला सगळ्यात जास्त आठवतो. आयुष्यात इतकं भटकलो, इतक्या गोष्टी पाहिल्या, पण ऋतू म्हटला की मला तोच आठवतो. दर बाजाराला मी सायकल काढायचो. बिडकीन, पैठण, ढोरकीन, पार गोदाकाठची गावं. खळी लागलेली असायची, हवेत भुश्शाचा बारीक धूर, नाकात खाज, संध्याकाळी कान गार. कुणाच्याही खळ्यावर थांबून मूठभर दाणे मागायचे, रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारायची, कोणत्या गावचे ते लक्षात ठेवायचं. रुमालाला चारच कोपरे, म्हणून मी वडिलांच्या दुकानातून कापडाचे तुकडे उचलायला लागलो. वडील म्हणाले, “बर्खुरदार, पूर्वी गिऱ्हाईक तुकडे न्यायचं.”

आणि गावोगाव मी विचारायचो काय? नाव तर नव्हतं. आपली ज्वारी द्या म्हटलं की लोक म्हणायचे, ही काय, आपलीच हाय.

गाठी घेऊन कडूबाईकडे जायचो. ती एक-एक सोडून दाणा दातात धरायची. “ही दगडी. भाकर फुगत नाय.” “ही बरी, पन पाखरं पयली हिच्यावर.” “ही हुरड्याची. पीठ करशीला तर चिकट.” “ही लई पानी पिती.” एकाच जिल्ह्यात किती ज्वाऱ्या असाव्यात! कोणी उथळ जमिनीवर तग धरणारी, कोणी गायीसाठी, कोणी लाह्यांसाठी, कोणी नुसती जत्रेच्या दिवशी पोरांना चघळायला धांडा गोड म्हणून राखलेली. मला तक्त्यावर ज्वारीतला एकच फरक शिकवला होता, जास्त पिकणारी आणि कमी पिकणारी. कुतूहल म्हणजे काय ते मला त्या हिवाळ्यात कळलं, आणि माझ्याच चुकीमुळे कळलं, हे मनाला टोचायचं. प्रत्येक गाठीनंतर कडूबाई मान हलवायची. मग मला चहा द्यायची.

शिमग्याच्या सुमारास ती म्हणाली, “पुरं करा भाऊसाहेब. टायर झिजला तुमचा.” त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. तिनं पुढं दर साली नवं बी घेतलं, पीकही चांगलं काढलं, असं कानावर आलं. पण तुळई तिनं मोकळीच ठेवली. मी तिकडे पुन्हा गेलो नाही. कामं होती हे खरं, आणि तोंड नव्हतं हे जास्त खरं.

मुक्तानं सगळं ऐकून घेतलं आणि परीक्षेतल्यासारखा प्रश्न विचारला. “त्यांना मूलबाळ?”

“एक मुलगी होती, वच्छला. मी त्या गावात जायच्या आदल्याच वर्षी तिचं लग्न झालं होतं. फर्दापूरच्या बाजूला दिली होती.”

“मग तिला विचारलंत?”

एक अख्खा हिवाळा मी खळी धुंडाळली, साठ वर्षं हुरड्याच्या आगट्यांसमोर डोळे मिटून बसलो, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. म्हणजे कदाचित पडला असेल आणि मी त्याला बसायला जागा दिली नसेल. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी मुक्तानं गाडी काढली. फर्दापूरच्या चौकात परदेशी पाहुणे लेण्यांच्या बसची वाट बघत होते. चहावाल्याला मी ‘चितेगावकडची वच्छलाबाई’ एवढंच सांगितलं. गावात बायकांना माहेरावरून ओळखतात, साठ वर्षांनीसुद्धा. त्यानं आतल्या गावाचा रस्ता दाखवला.

वच्छलाबाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आईसारख्याच उंच. मी कोण ते सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हंजी भाकरीवाले भाऊसाहेब व्हय!”

म्हणजे त्या घरात मी याच नावानं राहत होतो.

मी विचारलं. आडवळणानं न विचारता सरळ विचारलं, की आईची ज्वारी तुमच्याकडे कधी होती का. त्या म्हणाल्या, “व्हती का? हाय की. लगनात आईनं ओटीत कणसं घातली व्हती. चार वळी लावतो दर साली, हिरीच्या कडंनं.”

 

“मग तेव्हा... आईला द्यायची नाही का?”

“मी गेलते ना घेऊन. कळलं तसं जुडी डोक्यावर घेऊन गेले. आईनं हात लावला नाय. म्हनली, ओटीत घातलेलं माघारी घेत नसत्यात. जेवू घातलं, आन जुडी परत डोक्यावर दिली.” लसणाचं साल त्यांनी फुंकून उडवलं. “मी लई रडले. तवा म्हनली, येडी का काय, तुझ्याकडं हाय ना? मग हाय.”

म्हणजे मी सायकलवर गाठी घेऊन हिंडत होतो, ती एकेक दाणा दातात धरून मान हलवत होती, तेव्हा तिला माहीत होतं. तरी तिनं मला हिंडू दिलं. शिक्षा म्हणून, की शिकावं म्हणून, की नुसतं मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून, कोण जाणे. मी वच्छलाबाईंना विचारलं, आई माझ्याबद्दल काही म्हणायची का.

“म्हनायची, पोटभर खाल्ली त्यानं. चोरून तर नाय खाल्ली.”

त्यांच्या सुनेनं भाकरी केली. गॅसवर, पण तवा लोखंडाचा. ताट पुढं आलं, भाकरीतून वाफ निघत होती. मी घास मोडला आणि हात तोंडाजवळ थांबला. “बियाणं काढून ठेवलंय ना?” मी विचारलं.

वच्छलाबाई मोठ्यानं हसल्या. अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर, काळ्या पडलेल्या पत्र्याखाली, लोखंडी पाइपला जुड्या टांगलेल्या होत्या. “आधी ते,” त्या म्हणाल्या. “मग तुमी.”

मग मी खाल्लं. तीच चव होती का? लोक विचारतात, मुक्तानंही विचारलं. खरं सांगतो, मला कळलं नाही. माझे दात खोटे आहेत. माती वेगळी, पाणी वेगळं, आणि साठ वर्षं दुसऱ्या हातानं निवडलेली. कदाचित ज्वारीसुद्धा सासरी येऊन बदलली असेल. पण घास गिळल्यावर तोंडात काहीतरी बराच वेळ राहिलं, आणि डोळे मिटायची आठवण झाली नाही.

निघताना वच्छलाबाईंनी मुक्ताला पाटावर बसवलं आणि ओढणी पसरायला सांगितली. मी म्हटलं, “हिचं लग्न व्हायचंय अजून.”

“मग? भूक लगनाची वाट बघती का?” त्या म्हणाल्या, आणि कुंकू लावून त्यांनी एक जुडी तिच्या ओटीत घातली. मुक्ता अगदी अवघडून बसली होती, जीन्सवर, दोन्ही हातांनी ओढणीची टोकं धरून. जुडी घालताना त्यांनी तिला फक्त एवढंच सांगितलं, की बांधाकडची निवडू नको.

परत येताना फर्दापूरच्या घाटात मुक्ता गाडी सावकाश चालवत होती. जुडी पुढच्या सीटवर, तिला पट्टा लावलेला. मागं बसून मी बाहेर बघत होतो. हुरड्याच्या पाट्या एकामागून एक जात होत्या. चितेगावजवळची कडूबाईची जमीन, वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, आता एका कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत तुळस आणि कोरफड.

“आजोबा,” मुक्ता म्हणाली, “हे परत देता येणार नाही ना?”

“नाही.”

“मग पेरायचं कुठं?”

बावीस वर्षांचा होतो तेव्हा माझ्याकडे कोणत्याही प्रश्नाला चटकन उत्तर असायचं, तक्त्यासकट.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “शोधू. पण तोवर खायची नाही.”